‘असतात’ म्हणजे नेमके किती?

‘आजची मुले वाचत नाहीत’ असे कुणी जाहीरपणे म्हटले की पुढचा वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक पक्ष लगेच उदाहरणे पुढे करतो: माझी मुलगी वाचते, तिच्या मैत्रिणी वाचतात, म्हणजे विधान खोटे. दुसरा पक्ष म्हणतो की अपवाद असायचेच, अपवादानेच नियम सिद्ध होतो. स्वतःला अधिक काटेकोर समजणारा तिसरा पक्ष असा तोडगा काढतो की समूहांविषयी अशी मोघम विधाने करूच नयेत. प्रत्येक वाक्याला ‘काही’, ‘बरीच’ किंवा ‘इतके टक्के’ असा शब्द जोडावा. तिघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते, ती अशी की हे वाक्य म्हणजे एखाद्या संख्येविषयीचा दावा आहे आणि ती संख्या वाक्यातच कुठेतरी दडलेली आहे. माझे म्हणणे असे आहे की ती तिथे नाहीच. अशा वाक्याचा अर्थ ते ज्या संदर्भात उच्चारले जाते त्या संदर्भाने पुरा होतो, आणि संदर्भ दूर सारून त्याच्या खरेखोटेपणावर भांडणारे लोक अर्धेच वाक्य हातात घेऊन भांडत असतात.

भाषाविज्ञानात या वाक्यांना जेनेरिक वाक्ये म्हणतात. इथे त्यांना सामान्य विधाने म्हणू. ग्रेग कार्लसन यांनी १९७७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधापासून त्यांचा आधुनिक अभ्यास जोमाने सुरू झाला, आणि पहिल्यापासूनच एक अडचण अभ्यासकांच्या वाटेत उभी राहिली: या वाक्यांना कोणतेही एक संख्यामान लागू पडत नाही. ‘पक्षी अंडी घालतात’ हे कुणीही नाकारणार नाही. पण अंडी घालतात त्या फक्त माद्या, त्याही वयात आलेल्या. नर आणि पिल्ले वगळली तर उरणारे पक्षी एकूण पक्ष्यांच्या निम्म्याहून कमी भरतात. निम्म्याहून कमी पक्ष्यांना लागू असलेले हे विधान खरे असेल, तर ‘पक्षी मादी असतात’ हे त्याहून अधिक खरे ठरायला हवे, कारण अंडी घालणारा प्रत्येक पक्षी मादी असतो आणि शिवाय अंडी न घालणाऱ्या माद्याही असतात. तरीही हे दुसरे वाक्य आपल्याला सरळ सरळ चूक वाटते. मग ‘बहुतेक’ हा अर्थ कुठे राहिला?

डासांचे उदाहरण याहून बोलके आहे. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी दिसला, आणि पुढच्या संशोधनानंतर ‘डास मलेरिया पसरवतात’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले. डासांच्या सुमारे ३,५०० जाती आहेत. मलेरिया पसरवतात त्या फक्त अ‍ॅनोफिलिस वंशातल्या काही जातींच्या माद्या, आणि त्यांतल्याही ज्यांच्या शरीरात परजीवी शिरला आहे तेवढ्याच. प्रमाण काढायला बसलो तर ते नगण्य निघेल. पण आरोग्याच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य खरे आहे, आणि त्यात बदल करायची त्याला गरज नाही. वनस्पतींचा अभ्यासक मात्र म्हणेल की डास परागीभवन करतात, कारण डास फुलांतला मध पितात आणि नर डासांचा तर तोच आहार असतो. त्याचेही विधान खरे. दोघांनी निवडलेले डास वेगळे, दोघांच्या मनातला प्रश्न वेगळा.

तत्त्वज्ञ सारा-जेन लेस्ली यांनी याचे एक स्पष्टीकरण दिले आहे: धोकादायक किंवा ठळकपणे जाणवणारे गुणधर्म थोड्याच सदस्यांत आढळले तरी मन ते साऱ्या जातीला बहाल करते. हे स्पष्टीकरण डासांपुरते पटते. पण ‘हत्ती आफ्रिकेत राहतात’ आणि ‘हत्ती आशियात राहतात’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, त्यांत धोक्याचा लवलेश नाही, आणि आफ्रिकेतल्या हत्तींची संख्या आशियातल्या हत्तींपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे ‘बहुतेक’चा हिशेब दुसऱ्या वाक्याला खोटे पाडतो. भाषाशास्त्रज्ञ एरियल कोहेन यांनी आणखी एक पेच दाखवला. ‘डच लोक चांगले खलाशी असतात’ या वाक्याने कुणीही असे समजत नाही की निम्म्याहून अधिक डच लोकांना जहाज चालवता येते. अर्थ एवढाच की इतर देशांच्या लोकांशी तुलना केली तर चांगले खलाशी डचांमध्ये अधिक सापडतील. ही तुलना वाक्यात कुठेही लिहिलेली नाही. ती ऐकणाऱ्याने संदर्भातून उचललेली असते.

मराठीत तर हा प्रश्न आपल्या रोजच्या क्रियापदांत उघडा पडलेला आहे. ‘साप विषारी आहे’ आणि ‘साप विषारी असतो’ यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला न शिकवता कळतो: पहिले वाक्य समोरच्या एका सापाविषयी, दुसरे साप नावाच्या प्राण्याविषयी. आपल्या भाषेला त्यासाठी वेगळे उपपद लागत नाही. ‘आहे’ आणि ‘असतो’ एवढ्यावर काम भागते. मात्र यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की ‘असतो’ दिसला की सामान्य विधान आणि ‘आहे’ दिसला की विशिष्ट. ‘तो संध्याकाळी घरी असतो’ हे एकाच माणसाच्या सवयीविषयी आहे, आणि ‘माणूस हा विचार करणारा प्राणी आहे’ यात ‘आहे’ असूनही बोलणे साऱ्या मनुष्यजातीविषयी आहे. त्यातला तो ‘हा’ तर जणू व्याख्या येत असल्याची वर्दीच देतो. म्हणजे व्याकरणाने दार उघडून दिले तरी आत नेमके काय आहे हे व्याकरण सांगत नाही.

आता ‘साप विषारी असतात’ हे वाक्य घ्या. बिळात हात घालू पाहणाऱ्या मुलाला आई हे वाक्य म्हणते. काही वर्षांनी तोच मुलगा प्राणिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तेच वाक्य लिहितो आणि शिक्षक त्यावर फुली मारतात, कारण सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी आहेत. आई खोटे बोलली का? शिक्षक चुकले का? माझ्या मते दोघेही बरोबर आहेत, आणि यात विरोधाभास काहीच नाही, कारण एकाच शब्दांत दोन वेगळी विधाने झाली. आईचे विधान ‘न ओळखलेल्या सापाला कसे वागवावे’ या प्रश्नाचे उत्तर होते, तर उत्तरपत्रिकेतले विधान ‘सर्प या गटाचे लक्षण कोणते’ या प्रश्नाचे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि त्याने मला स्वतःला बराच काळ अडवून धरले होते. आक्षेपक म्हणेल: आईचे वाक्य उपयुक्त होते, खरे नव्हते. वाक्याचा अर्थ एकच आणि तो स्थिर. संदर्भाने बदलते ती फक्त त्याची उपयुक्तता. आईला शांतपणे विचारले तर तीही कबूल करेल की सगळे साप काही विषारी नसतात. मग खरेपणा आणि उपयोग यांची सरमिसळ कशाला? सापाच्या उदाहरणापुरता हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. धोक्याच्या सूचनांत अतिशयोक्ती चालते, आणि तिथे अर्थाची आणि हेतूची सीमा पुसट होते. पण आक्षेपकाने एक काम करून दाखवले पाहिजे: तो स्थिर अर्थ कोणता, हे त्याने संदर्भाची मदत न घेता सांगावे. ‘सगळे’ म्हटले तर पक्ष्यांचे वाक्य कोसळते. ‘बहुतेक’ म्हटले तर पक्षी, डास आणि आशियातले हत्ती तिन्ही जातात. ‘काही’ म्हटले तर ‘पक्षी मादी असतात’ हेही खरे मानावे लागते. ‘प्रकृत सदस्य’, म्हणजे त्या जातीचा सर्वसामान्य नमुना, असे म्हटले तर प्रकृत कशाच्या दृष्टीने, पुनरुत्पादनाच्या की वस्तीच्या की रंगाच्या, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा संदर्भच देतो. हंसांचेच पाहा. विलेम द व्लामिंग या डच दर्यावर्दीच्या पथकाला १६९७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले आणि ‘सर्व हंस पांढरे’ हे विधान त्या दिवशी कायमचे बाद झाले. युरोपातल्या तळ्याकाठी उभा राहून ‘हंस पांढरे असतात’ म्हणणारा मात्र आजही चुकीचे बोलत नाही, आणि ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठी ‘हंस काळे असतात’ म्हणणाराही नाही. तत्त्वज्ञ रेचेल स्टर्कन यांनी २०१५ साली नेमकी हीच बाजू मांडली की सामान्य विधानाच्या मुळाशी असलेला घटकच संदर्भावर अवलंबून आहे. ‘मी’ आणि ‘इथे’ या शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्याबरोबर आणि जागेबरोबर बदलतो, तसाच.

हा विचार नवा आहे असेही नाही. ‘सर्व’ किंवा ‘काही’ न जोडलेल्या विधानांचा वेगळा वर्ग अ‍ॅरिस्टॉटलने केला होता, आणि त्या वर्गातली दोन परस्परविरुद्ध दिसणारी विधाने एकाच वेळी खरी असू शकतात हेही त्याने नोंदवले होते; अनुमानाच्या व्यवहारात मात्र ती ‘काही’च्या खात्यात जमा झाली आणि प्रश्न तिथेच गाडला गेला. १६६२ मधल्या ‘पोर्ट-रॉयल तर्कशास्त्र’ या फ्रेंच ग्रंथाने तो अर्धामुर्धा उकरून काढला. ‘म्हातारी माणसे गतकाळाची स्तुती करतात’ यासारख्या विधानांची व्यापकता गणिती नसून व्यवहारी आहे, ती सहसा खरी ठरली म्हणजे पुरे, असे त्याच्या लेखकांनी म्हटले. पण माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाच्या गाभ्याला सर्वांत जवळून हात घातला तो आपल्याकडच्या व्याकरणकारांनी आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी. पाणिनीचे सूत्र आहे, ‘जात्याख्यायामेकस्मिन् बहुवचनमन्यतरस्याम्’: जातीविषयी बोलायचे असेल तर एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचन चालते. ‘साप विषारी असतो’ आणि ‘साप विषारी असतात’ ही दोन्ही रूपे मराठीत सुखाने नांदतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे: मोजणी हा इथे मुद्दाच नाही. शब्दाचा अर्थ व्यक्ती की जाती, या जुन्या वादावर न्यायसूत्रांनी व्यक्ती, आकृती आणि जाती असे तिन्ही पदार्थ मान्य केले, आणि वात्स्यायनाने त्या सूत्रांवरच्या भाष्यात पुढचे पाऊल टाकले. भेद सांगायची विवक्षा, म्हणजे बोलणाऱ्याची तसे सांगायची इच्छा, असेल तर व्यक्ती प्रधान. भेद विवक्षित नसेल आणि सामान्याचा बोध करून द्यायचा असेल तर जाती प्रधान. कोणता अर्थ पुढे येणार हे शब्दाने आधीच ठरवलेले नसते, ते विवक्षेने ठरते.

विवक्षा म्हटले की दुसरा आक्षेप दाराशी येतो, आणि सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. अर्थ संदर्भावर सोडला तर बोलणाऱ्याला कायमची पळवाट मिळते. एखादा माणूस एका समूहाविषयी ‘ते लोक अप्रामाणिक असतात’ असे म्हणतो; टाळ्या पडतात तेव्हा त्याचा अर्थ ‘सगळेच आणि स्वभावतः’ असा घेतला जातो; जाब विचारला की तोच माणूस म्हणतो, मी काही जणांविषयी बोलत होतो, तुम्ही संदर्भ सोडून वाक्य उचलले. हे वारंवार घडते, आणि ज्यांच्याविषयी ते बोलले जाते त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. मग संदर्भाचा सिद्धान्त मांडणारे आम्ही या पळवाटेला शास्त्राधार पुरवतो आहोत का?

तसे झाले असते, जर विवक्षा ही बोलणाऱ्याच्या पोटातली खासगी वस्तू असती. ती तशी नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या व्याकरणविषयक ग्रंथात शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची जी यादी दिली आहे तिच्यात संसर्ग (एखाद्या गोष्टीशी असलेली जोड), साहचर्य, विरोध, प्रकरण (चाललेला विषय), दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य, देश, काल अशी नावे येतात. यातली प्रत्येक गोष्ट बाहेर, सर्वांसमोर असते. आधी काय बोलणे चालले होते, कुणाला उद्देशून, कोणत्या प्रश्नावर, आणि त्या वाक्यानंतर काय ठरले, हे सगळे तपासता येते. त्यामुळे संदर्भाचा सिद्धान्त जबाबदारी सैल करत नाही, उलट तो ती आवळतो. ‘ते लोक अप्रामाणिक असतात’ असे म्हणून त्या समूहातल्या एका अनोळखी माणसाला जर नोकरी नाकारली गेली, तर ते वाक्य त्या प्रसंगी ‘सगळे’ या अर्थानेच वापरले गेले. ‘काही’ या अर्थाने घेतले तर नकाराचा निष्कर्ष निघूच शकत नाही. वाक्यावरून जो निष्कर्ष काढला गेला, किंवा काढू दिला गेला, त्याला जेवढा अर्थ लागतो तेवढ्या अर्थाला बोलणारा बांधलेला आहे. नंतर सांगितलेला हेतू त्याला सोडवू शकत नाही.

अपवादाच्या ढालीचेही इथेच पाहून घेऊ. ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे तत्त्व युरोपातल्या लॅटिन कायदेपरंपरेतून आले, आणि त्याचा मूळ अर्थ असा की एखादा अपवाद मुद्दाम सांगितला असेल तर अपवाद न केलेल्या बाबींना नियम लागू आहे असे समजावे. ‘रविवारी प्रवेश विनामूल्य’ अशी पाटी असेल तर इतर दिवशी शुल्क आहे हे कळते. संस्कृत व्याकरणातही ‘प्रकल्प्य चापवादविषयं तत उत्सर्गोऽभिनिविशते’ अशी परिभाषा, म्हणजे नियम कसे लावायचे हे सांगणारा नियम, आहे: आधी अपवादाचा प्रदेश बाजूला काढायचा, मग उरलेल्यावर सामान्य नियम चालवायचा. दोन्ही परंपरांत अपवादाला निश्चित जागा आहे आणि तो अपवाद का, हे सांगण्याची जबाबदारी नियम मांडणाऱ्यावर आहे. समोर येईल त्या प्रत्येक प्रतिउदाहरणाला ‘हा अपवाद’ म्हणून हाकलणे हे या तत्त्वाचे नाव घेऊन त्याच्याच विरुद्ध वागणे आहे. नर पक्षी अंडी का घालत नाहीत हे आपण सांगू शकतो, म्हणून तो अपवाद पचतो. ‘ते लोक असे असतात’ म्हणणाऱ्याजवळ प्रामाणिक माणसाचे असे कोणते स्पष्टीकरण असते?

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो आणि तो मला सर्वांत बळकट वाटतो. आंद्रे सिम्पियन, अमांडा ब्रँडोन आणि सुझन गेलमन यांनी २०१० साली दाखवले की लोक सामान्य विधान थोड्या पुराव्यावर स्वीकारतात, पण तेच विधान कानावर पडले की ते जवळजवळ सर्वांना लागू आहे असे समजतात; विधान स्वस्तात घेतले जाते आणि महागात खपते. मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात एका काल्पनिक लोकसमूहाचे चित्रपुस्तक चार वर्षांच्या मुलांना वाचून दाखवले गेले. ज्यांनी ‘हे लोक असे करतात’ अशी वाक्ये ऐकली ती मुले त्या समूहाचे गुण जन्मजात आणि अटळ मानू लागली. ऐकणारा जर संदर्भाला न जुमानता सर्वांत कडक अर्थच घेणार असेल, तर संदर्भाची चर्चा विद्वानांपुरतीच उरत नाही का?

निष्कर्ष मी मान्य करतो. त्यावरून काढलेले अनुमान मात्र मला मान्य नाही. या प्रयोगांत प्राणी आणि लोक मुद्दाम काल्पनिक निवडलेले होते, कारण ऐकणाऱ्याजवळ पूर्वज्ञान असू नये. संदर्भ काढून घेतला की मन सर्वांत जोरकस अर्थाने रिकामी जागा भरते, हे त्यांतून दिसते, आणि संदर्भ अर्थ घडवतो या म्हणण्याला त्याने बाधा येत नाही. ‘पक्षी अंडी घालतात’ हे ऐकून कुणीही नर चिमणीकडे अंड्यांची वाट पाहत बसत नाही, कारण तिथे ज्ञान आधीच हजर असते. धोका आहे तो संदर्भाला पारख्या झालेल्या वाक्यांत: मथळ्यांत, घोषणांत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे शास्त्रीय लेखांतही. मानसशास्त्राच्या ११ नियतकालिकांतले २०१५ आणि २०१६ मधले १,१४९ लेख एका अभ्यासात तपासले गेले. त्यांतल्या ८९ टक्के लेखांच्या शीर्षकात, ठळक मुद्द्यांत किंवा गोषवाऱ्यात निदान एक तरी सामान्य विधान होते, आणि बहुतेक लेखांत तिथे ज्यांच्यावर प्रयोग झाला ते लोक कोण होते याचा उल्लेखही नव्हता. यावर ‘काही’चे शेपूट जोडणे हा उपाय अपुरा आहे. ‘काही डास मलेरिया पसरवतात’ म्हटल्याने इशाऱ्यातला जीव जातो, आणि ‘सगळे आले’ या वाक्यातल्या ‘सगळे’चा अर्थ तरी संदर्भाशिवाय कुठे लागतो? जे काढून घेतले ते परत ठेवणे, म्हणजे कोणाची पाहणी झाली, कोणाशी तुलना केली आणि कोणत्या प्रश्नासाठी, हे वाक्याच्या शेजारी सांगणे, हा खरा उपाय आहे.

प्रतिउदाहरणांचा आधार घेणाऱ्यांना मराठीतलीच एक रचना दाखवावीशी वाटते. नुकतेच खोटे बोललेल्या मुलाला आपण म्हणतो, ‘खोटं बोलत नाहीत.’ रूप वर्णनाचे, काम आज्ञेचे. प्रतिउदाहरण समोरच उभे आहे आणि वाक्याला त्याने धक्का बसत नाही. ‘पुरुष रडत नाहीत’ हेही असेच. रडणाऱ्या मुलाला ते ऐकवले जाते तेव्हा रडणारे पुरुष दाखवून त्याचे खंडन होत नाही, कारण बोलणाऱ्याने पुरुषांची पाहणी केलेलीच नसते. ‘रडलास तर पुरुष म्हणवून घ्यायला अपात्र ठरशील’ असे तो बजावत असतो. त्याला उत्तर द्यायचे तर त्या आदर्शालाच हात घालावा लागतो. ‘मुली गणितात मागे पडतात’ या वाक्याची गुंतागुंत वेगळी आहे. एखादा शिक्षक ते आपल्या निष्काळजीपणाचे समर्थन म्हणून बोलतो आणि त्यात ‘स्वभावतः’ हा न उच्चारलेला शब्द आणतो. दुसरी शिक्षिका तेच शब्द वर्गात मुलींना प्रश्न विचारले जात नाहीत याकडे लक्ष वेधण्यासाठी वापरते, आणि तिच्या वाक्यात ‘आपल्या वागण्यामुळे’ हे कारण अध्याहृत असते. दोघांची आकडेवारी एकच असू शकते. तरीही एकाने दिलेले कारण दुसरीच्या कारणाचे थेट खंडन आहे, आणि जो श्रोता दोघांनाही ‘सगळ्या मुली नाहीत’ एवढेच उत्तर देतो त्याने दोघांपैकी कुणाचेच म्हणणे ऐकलेले नाही.

आता पहिल्या वाक्याकडे परत येऊ. ‘आजची मुले वाचत नाहीत’ असे एखादी शिक्षिका म्हणते आणि शाळेच्या वेळापत्रकात वाचनाचा तास मागते. तिचा दावा एवढाच की न वाचणाऱ्या मुलांची संख्या तास ठेवण्याइतकी मोठी आहे. तिला ‘माझी मुलगी वाचते’ असे उत्तर देणे हे विषयांतर आहे. दुसऱ्या एका बैठकीत ग्रंथालयाचा बालविभाग बंद करायचा ठराव येतो आणि कारण म्हणून हेच वाक्य वाचले जाते. तिथे ते वाक्य ‘विभाग बंद केल्याने कुणाचेही नुकसान होणार नाही’ या निष्कर्षाचा भार उचलते आहे, आणि तो भार पेलायला ‘कुणीच नाही’ याहून कमी अर्थ पुरणार नाही. त्या बैठकीत मागच्या रांगेतून एखादी आई उठून ‘माझी मुलगी वाचते’ असे म्हणाली, तर तिने ठरावाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवलेले असते, आणि अध्यक्षांनी तिला ‘अपवाद’ म्हणून खाली बसवता कामा नये.